मेनूतून न उतरलेलं नाव

फुजैराच्या बंदराजवळ तेलाच्या टाक्यांचं एक टर्मिनल आहे. तिथल्या परमिट रूममध्ये चारुदत्त बसत असे. काम तसं सोपं. रिकामी टाकी धुवायला माणूस आत उतरला की फोरमन वॉकीवर नाव सांगायचा, आणि चारुदत्त टेक्स्ट एडिटरमध्ये कमांड लिहून ते नाव 'आत' नावाच्या मेनूत, म्हणजे स्क्रीनवरच्या यादीत, चढवायचा. माणूस बाहेर आला की दुसरी कमांड, नाव उतरलं. मेनू रिकामा झाल्याशिवाय टाकीचं झाकण लावायचं नाही, हा नियम. ही सगळी जुळणी त्याची स्वतःची, आणि तिचा त्याला भारी अभिमान. माउस घेऊन चाचपडणाऱ्यांना तो मनातल्या मनात हसायचा.

रमजानचे दिवस होते. दुपारी दोनलाच ऑफिस रिकामं झालं. बाहेर धुळीचं वारं सुटलेलं, काचेपलीकडची सात नंबरची टाकी पिवळट, पुसट दिसत होती. खिडकीच्या फटीतून तेलाचा जुना, गोडसर वास येत होता. एसीची घरघर तेवढी सोबतीला होती.

पावणेतीनला फोरमन शाहबाजने वॉकीवर कळवलं, सात नंबरमधले चारही जण बाहेर आले, खलास, आता झाकण लावू द्या, जहाज खोळंबलंय. चारुदत्तने चारही नावं उतरवली आणि सवयीने मेनू उघडून पाहिला. त्यात एक नाव होतं. हारुन.

या नावाचा कोणी आज आत गेलाच नव्हता. त्याने उतरवायची कमांड दिली. एडिटरने खाली उत्तर दिलं, असं नाव मेनूत नाही. मेनू उघडला तर हारुन आपल्या जागी. मग त्याने अख्खा मेनूच काढून टाकला, एडिटर बंद केला, पुन्हा सुरू केला. 'आत' परत आला, आणि त्यात तेच एक नाव. चारुदत्तचं डोकं चालेना. या मेनूत नाव चढायचं ते फक्त त्याच्या बोटांनी. मग हे चढवलं कोणी?

"शाहबाज," तो वॉकीवर म्हणाला, "आपल्याकडे हारुन कोण?"



"माझे चाचा होते, सर... तुम्ही यायच्या आधी. रमजानच होता. तेव्हा नावं कागदावर लिहायचे. चाचांच्या नावावर काट मारली, झाकण लावलं... आणि ते आतच होते."

भास असो की मशीनचा बिघाड, मेनूत नाव असताना झाकण लावायला सांगण्याची चारुदत्तची छाती होईना. एकदा कोणीतरी आत बघून या, असं त्याने सांगितलं. तिघांचे रोजे होते, पुन्हा उतरायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. तयार झाला तो चौथा, रोजा नसलेला, संगमनेरकडचा केरू. चारुदत्तने रीतसर केरूचं नाव चढवलं. मेनूत आता दोन नावं झाली.

तो स्क्रीनकडे बघत बसला. वॉकीवर टाकीतून केरूचा आवाज एकदाच आला, घुमत घुमत.

"कोणी न्हाई, साहेब... थांबा..."

पुढे काही ऐकू आलं नाही. दहा मिनिटांनी शाहबाजने सांगितलं, केरू वर आला. चारुदत्तला एकदम हायसं वाटलं. त्याने मेनू उघडला. हारुन नव्हता. केरू होता. त्याने उतरवायची कमांड दिली. असं नाव मेनूत नाही. अक्षर न् अक्षर तपासून पुन्हा दिली. केरू जागचा हलेना.

"शाहबाज, केरू नक्की बाहेर आलाय ना?"

"माझ्यासमोर उभा आहे, सर. आत कोणी नाही म्हणतो. स्वतःच झाकणाचे बोल्ट आवळायला लागलाय."

"त्याला थांबव. आधी खाली बसव, पाणी दे."

वॉकीतून वाऱ्याचा आवाज येत राहिला, आणि लोखंडावर फिरणाऱ्या पान्याचा. मग शाहबाज बोलला, अगदी बारीक आवाजात.

"पाणी घेत नाही, सर... रोजा आहे म्हणतो."