पेरिनाची तहान

माझ्या मेहुण्याच्या, बार्तुलच्या होडीचं नाव पेरिना. आमच्या गावात पेरिना नावाची बाई कधीच नव्हती. होडी बांधून घेतली ती बार्तुलच्या आजोबांनी, आणि आजीचं नाव होतं कातारिना. समोरच्या बेटावर कुणी एक पेरिना राहते असं ऐकिवात होतं, आणि आजोबांना मासळी नेहमी त्याच बाजूला मिळायची. घरात हा विषय एवढ्यावरच संपतो.

मी निवृत्त मासळी तपासनीस. या किनाऱ्यावरच्या सगळ्या बाजारांत मी आयुष्यभर नाक खुपसत हिंडलो आणि त्याचा पगार घेतला. मासा मेला कधी, बर्फात पडला कधी आणि विकणारा खोटं बोलायला लागला कधी, हे मला वासावरून कळतं. बायकोचं म्हणणं, एवढं नाक चालणाऱ्या माणसाने तोंड कमी चालवावं. पण पेरिनाची हकीकत सांगायला नाकाशिवाय साक्षीदार नाही, म्हणून सांगतो.

आमच्याकडे डिसेंबरात, संत निकोलाच्या दिवशी, चर्चसमोर गावातली एक थकलेली होडी जाळतात. तिची मूठभर राख पुढे गावातल्या नव्या होडीच्या तळाखाली ठेवायची. ज्याची होडी त्याने स्वतः शब्द द्यायचा आणि स्वतःच्या हाताने काडी लावायची. त्या वर्षी बार्तुलने पेरिनाचा शब्द दिला होता. खाली द्राक्षवेलींच्या वाळक्या काटक्या रचून झाल्या होत्या, पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं होतं, बार्तुलने काडी ओढली होती. तेवढ्यात परदेशातल्या लिंझ शहराहून आलेली त्याची मुलगी दिंका मायेने म्हणाली, "आता होडीचाही पाश सुटला, बाबा. चला माझ्याकडे. खोली तयार ठेवलीय मी."

बार्तुलने काडी फुंकून विझवली.

"नाही जाळायची," तो म्हणाला.

"अरे, पण पाणी शिंपडून झालंय!" पाद्रीबाबा ओरडले.

"वाळेल की."

त्या वर्षी संत निकोलाला दोन जुनी दारं आणि एक कपाट मिळालं. ज्वाळा मात्र छान उठल्या. कपाटाला पॉलिश होतं.

बापलेकीत करार झाला. ऑगस्टात मेरीमातेच्या सणाला पेरिना पाण्यावर तरंगली, तर बार्तुल गावातच राहणार. नाही तरंगली, तर लिंझ. तिथली खोली चौथ्या मजल्यावर होती आणि खिडकीतून वाहनतळ दिसायचा. दिंकाने फोटो दाखवला तेव्हा बार्तुल बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "गाड्या छान आहेत." सबंध आयुष्यात मी त्याला इतकं घाबरलेलं पाहिलं नाही.

वसंतात पेरिना किनाऱ्यावरच्या खडीवर आणली आणि काम सुरू झालं. पहिलं काम तळ उपसण्याचं. तळातल्या फळ्या उचलल्या आणि मी, ज्याने ऐन उन्हाळ्यात बंद पडलेली शीतगृहं तपासली आहेत, तो मी उठून भिंतीपाशी गेलो. आत काळा चिकट रबडा होता. डिझेल, माशांचं रक्त, आमिषाचे सडके गोळे, खवले, एक रबरी बूट, आणि बुटात पुन्हा तोच रबडा. फावड्याने उचलला की तार सुटायची. तार तुटताना 'प्च' असा आवाज यायचा, आणि प्रत्येक वेळी माझ्या जिभेला वाटायचं की तो आपलाच आवाज आहे.

"घ्या, दाजी," बार्तुल पाव पुढे करत म्हणाला. त्याच हाताने.

फळ्यांचे सांधे बुजवायला येर्कोमिस्त्री आला. येर्को म्हणजे ठोकताना गाणारा आणि न ठोकताना स्वतःची स्तुती करणारा. राळेत भिजवलेला ताग त्याने सांध्यांत घट्ट ठोकून बसवला आणि वर म्हणाला, "हा ताग काढायला आता माझ्या बापाला यावं लागेल."

सकाळी सगळा ताग बाहेर पडलेला होता. होडीच्या दोन्ही अंगांना खडीवर ओले, चपटे, पिळलेले गोळे.

"कुत्रं," येर्को म्हणाला.

मी एक गोळा उचलून हुंगला. कुत्रं नव्हतं. समुद्रही नव्हता. वास कोमट होता, किंचित आंबट. झोपून उठलेल्या माणसाने दात न घासता तोंडाजवळ येऊन गुपित सांगावं, तसा. गोळ्यावर खाचा होत्या आणि बोटांना बुळबुळीत लाळ लागली. त्या दिवशी मी हात इतके धुतले की बायकोने विचारलं, कोणाला शिवून आलात?

येर्कोने पुन्हा ताग भरला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याने हातोडी पिशवीत टाकली. "मी होड्या दुरुस्त करतो, बार्तुल. जबडे नाही." आणि न गाता निघून गेला.

मला वाटलं, संपलं, आता लिंझ. पण बार्तुल सांध्यावर हात फिरवत बसला होता. "तिला भूक नाही, दाजी. घशात सुकं कोंबलं तर कोणीही थुंकेल. तिला तहान लागलीय."

यात तसं वेडगळ काही नव्हतं. वाळलेल्या लाकडी होडीला आम्ही पाण्यात सोडण्याआधी पाणी पाजतोच. जमिनीवरच तिच्यात पाणी भरायचं. आधी ते सगळ्या फटींतून धो धो गळतं, मग लाकूड फुगतं, फटी मिटतात, गळती थांबते. मोकळ्या सांध्यांच्या होडीवर कोणी हा प्रयोग करत नाही, पण बार्तुलकडे आता दुसरं काही उरलं नव्हतं. त्याने समुद्रात पंप सोडला आणि नळी आत टाकली.

सांध्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता. मी पाय भिजू नयेत म्हणून दगडावर चढून उभा राहिलो.

एक थेंब गळला नाही.

पाणी काठापर्यंत चढलं आणि पंप बंद केला. मग ते आमच्या डोळ्यांदेखत खाली जायला लागलं. मी वाकून खाली पाहिलं. खडी कोरडी, वर धूळ.

"बघा! गळत नाही!" बार्तुल टाळी वाजवून ओरडला.

"गळत नाही, मग जातं कुठे?"

"तुम्ही निवृत्त झालात ना? मग तपासणी कशाला?"

आठवडाभरात सांधे आपोआप मिटले. फळ्या गुबगुबीत झाल्या. उन्हात त्यांच्यावर पिवळसर तेलकट घाम यायचा आणि त्यावर माशी बसत नव्हती. मासळीच्या धंद्यात माशी कशावर बसत नाही, हे मला विचारू नका. मी जुन्या सवयीने एका फळीत अंगठा दाबला. बाजारात मासा तसाच तपासतात. मांस दबून परत वर आलं तर मासा ताजा. फळी कोमट होती. ती दबली, आणि परत वर आली.

मला भडभडून उलटी झाली. बार्तुलने कौतुकाने होडीकडे पाहिलं आणि माझ्याकडे नाराजीने.

जुलैत तिने समुद्राचं पाणी प्यायचं सोडलं. भरलेलं तसंच राहायचं, वर साय धरायची. मग बार्तुलने अंगणातल्या टाक्यातलं पावसाचं पाणी आणलं. ते तिला आवडलं. टाकं खरवडून झालं तसा तो माझ्या टाक्याकडे आला. मी नाही म्हणालो. तो भांडला नाही. त्याचे ओठ चिरलेले होते, जीभ पांढरी. पाणी दिलं तर पेला तोंडापर्यंत न्यायचा, थबकायचा, आणि तसाच पेला सांभाळत होडीकडे चालू लागायचा.

"आधी ती," म्हणायचा. "तरंगू दे एकदा. मग मी पोटभर पिणार आहे, दाजी. बसून."

सणाच्या सकाळी दिंका आली. पेरिना तरंगत होती, धक्क्याला बांधलेली, आणि बार्तुल आत बसलेला. आदल्या संध्याकाळी पाण्यात उतरवल्यापासून तो तसाच होता. तळाशी ओल नव्हती. दिंकाने आत वाकून पाहिलं, नाक दाबलं, पुन्हा पाहिलं.

"काका, खरंच कोरडी आहे हो."

"हो," मी म्हणालो. "तेच तर म्हणतोय. घेऊन जा त्याला."

"असं कसं? शब्द दिलाय मी." तिचे डोळे भरले. "आणि तुम्हीच म्हणाला होतात ना, लिंझमध्ये मरेल तो म्हणून?"

म्हणालो होतो.

ती बापाच्या गळ्यात पडली. तिच्या डोळ्यांतलं पाणी बार्तुलच्या गुडघ्यावर आणि तिथून फळीवर पडलं. ते फळीवर दिसलं नाही. तिने त्याला पाण्याची बाटली दिली, खाऊचा डबा दिला, त्याचा गाल पुसला आणि स्वतःची बोटं बघितली. बोटांना ओल लागली नव्हती.

"ऊन लागलंय तुम्हाला, बाबा. सावलीत बसत जा."

दुपारची फेरीबोट पलीकडच्या धक्क्यावर उभी होती. दिंका मागे वळून बघत तिच्यात चढली. मी पेरिनाच्या शेजारी धक्क्याच्या काठावर उभा होतो. बार्तुलला उठवावं म्हणून मी वाकलो आणि होडीच्या काठावर हात टेकला.

काठाने माझा तळवा ओढून धरला. हळूच, वासराने चोखावं तसं.

मी हात हिसकला. 'प्च.' तळव्यावर सुरकुत्या पडल्या होत्या.

फेरीबोटीचा भोंगा वाजला. दिंका कठड्यावर झुकून ओरडली, "बाबा! नक्की ना? राहताय ना इथे? अजूनही चला!"

बार्तुलने हात वर करून माझी पँट गुडघ्यापाशी धरली. घट्ट.

"राहतो, पोरी!" आवाज आला. "मजेत राहतो! जा तू, बिनघोर जा!"

बार्तुलचाच आवाज. तिशीतला असावा तसा, भरदार, ओलसर. दिंका हसली, रडली, दोन्ही हातांनी निरोप देत राहिली. धक्क्यावरच्या चारदोन लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी खाली बार्तुलकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. त्याचे ओठ वाळून एकमेकांना चिकटले होते, मध्ये फट नव्हती. त्याने मान हलवली. नाही, नाही.

"पोचलीस की फोन कर!" आवाज म्हणाला.