बोरटोल्याची जोडी

माघातली सकाळ होती. बोरटोल्याच्या तलावावर धुक्याचा पातळ थर होता आणि पाळीवरच्या नेहमीच्या दगडाजवळ हेमराज कटरे यांनी तिपाई उभी केली. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हणून बजावलं होतं, पण पंधरवड्याचा फोटो चुकवायचा नाही हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम. सून कुरकुरली, ते निघाले.

कॅमेरा दोनदा टिकटिकला आणि पडद्यावर चित्र आलं. वर फिकट आभाळ, मधे कमळाची पानं, पलीकडे देवधानाच्या, म्हणजे रानभाताच्या, गवतात सारसांची जोडी. नर मान उंच करून उभा होता, मादीने चिखलात चोच खुपसली होती. चित्राखाली हिरवी अक्षरं उमटली : ‘चित्र पूर्ण’.

हेमराजांनी समाधानाने मान वर केली. नव्या डोळ्यांनी ती जोडी एकदा थेट बघायची, एवढ्यासाठीच तर ते घरच्यांशी वाद घालून आले होते. समोर पानांवर कमळपक्षी चालत होते. ते त्यांना मोजताही आले, सात होते. पलीकडच्या काठावर, चारशे मीटरवर, बाभळीच्या शेंड्याला बसलेली घार दिसत होती. माणसाएवढ्या उंचीचे ते दोन पक्षी मात्र कुठेच नव्हते.

त्यांनी पडद्यावर पाहिलं. जोडी होती. पुन्हा समोर पाहिलं. गवत हलत होतं, बस्स.

हा कॅमेरा सरकारने सहा वर्षांपूर्वी तलावावर दिला तेव्हा त्याचं मोठं कौतुक झालं होतं. धुकं, अंधार, अंतर यांमुळे भिंगाला जे नीट दिसत नाही, ते तो ‘स्थळस्मृती’तून भरून काढायचा. स्थळस्मृती म्हणजे त्या जागेच्या जुन्या फोटोंचा साठा. कोणत्या ऋतूत पाणी किती असतं, मोहाला पालवी कधी फुटते, कोणता पक्षी कुठे उतरतो, हे सगळं कॅमेरा त्या साठ्यातून शिकायचा आणि अस्पष्ट चित्र स्पष्ट करून द्यायचा. तो साठा हेमराजांनीच दिला होता, एक दमडीही न घेता, उलट अभिमानाने. त्याच वर्षी पक्ष्यांना शांतता मिळावी म्हणून तलावाच्या आतल्या भागात माणसांना बंदी झाली. भोवतालची धानाची शेती आता यंत्रंच करत होती. मच्छीमारांना महिन्यातून चार दिवस परवाना मिळायचा. सारस बघायचे ते कॅमेऱ्यातून, असाच रिवाज पडला.

दोन वर्षांपासून सारसांची हाक कानावर आली नव्हती, हे हेमराजांना ठाऊक होतं. जोडी म्हातारी झाली, गप्प राहू लागली, आणि आपले कानही आता साठीचे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

बंदीची खूण म्हणून लावलेले पिवळे दगड ओलांडून ते खाली उतरले. कॅमेरा दर दहा मिनिटांनी आपोआप फोटो काढायचा; त्याला तसाच ठेवून ते गुडघाभर पाण्यातून देवधानात शिरले. घरट्याचा जुना उंचवटा ढासळला होता. चिखलात बगळ्यांची बारीक पावलं होती; सारसाचं रुंद पाऊल एकही नव्हतं. ते बराच वेळ तिथे उभे राहिले आणि थंडी अंगात शिरल्यावर परतले.

पाळीवर येऊन त्यांनी मधल्या वेळचे फोटो उघडले. एका फोटोत ते स्वतः होते, धोतर खोचून पाण्यात उभे. आणि त्यांच्यापासून चार हातांवर सारसांची जोडी निवांत चरत होती. शंभर पावलांवर माणसाची चाहूल लागली तरी उडून जाणारा तो पक्षी! हेमराज दगडावर बसले.

नसलेल्याला चित्रात उभं करायचं हे काम काय आहे, ते त्यांच्याइतकं कोणाला कळणार? तीस वर्षं त्यांनी तालुक्याला फोटो स्टुडिओ चालवला होता. लग्नाआधी वारलेला नवरीचा बाप अल्बममध्ये तिच्याशेजारी उभा करून देण्यात त्यांचा हातखंडा होता. लोक तो फोटो बघून रडायचे आणि भिंतीवर लावायचे. रिकाम्या जागेचा फोटो कोणाला नको असतो, हे त्या धंद्याने त्यांच्या हाडीमाशी खिळवलं होतं. तलावाचे फोटोही त्यांनी त्याच हिशेबाने जपले. ज्या दिवशी सारस दिसले नाहीत त्या दिवसाचा फोटो वाया गेला असं समजून घरी येताच पुसून टाकायचा. कॅमेरा येण्याआधीच्या चारशेच्या आसपास फोटोंपैकी जे उरले त्या सगळ्यांत जोडी होती. आभाळ बदलायचं, पाणी चढायचं, उतरायचं, जोडी कायम. सारस नसलेला तलाव असू शकतो हे कॅमेऱ्याला कधी कोणी दाखवलंच नव्हतं.

नऊच्या सुमारास सगुणाबाई वलथरे डोंगा घेऊन काठाला लागल्या. मच्छीमार संस्थेच्या त्या अध्यक्ष. आज त्यांचा परवान्याचा दिवस होता. हेमराजांचा ओला वेश आणि चेहरा पाहून त्या काय ते समजल्या.

“तुमाले दिसलं म्हना आता,” त्या म्हणाल्या.

“तुमाले ठाऊक होतं बाई?”

“दोन साल झाले भाऊ. मादी लाइटच्या तारेखाली मरून पडली होती. मीच पुरलं तिले, पलसाखाली. नर दोन महिने एकटाच वरडत हिंडला, मंग तोही दिसला नाई.”

हेमराजांना संताप आला. बावीस वर्षं ज्यांच्यामागे काढली त्यांचं मरण आपल्याला कोणी सांगूही नये? तसं ते बोललेही. सगुणाबाईंनी ऐकून घेतलं आणि मग शांतपणे आपली बाजू सांगितली. कालव्याचं उन्हाळी पाणी फक्त सारस असलेल्या तलावांना मिळतं. ते मिळालं नाही तर चैत्र संपता संपता तळ उघडा पडतो, मासोळी मरते आणि बेचाळीस घरं कामाच्या शोधात बाहेर पडतात. मादीला पुरताना आपल्यालाही रडू आलं होतं, पण घरी जाऊन आपण तोंड बंद ठेवलं, असं त्या म्हणाल्या. आज गणनेवाल्या मॅडम येणार आहेत, दरवर्षीसारखी साक्षीदाराची सही तेवढी करून टाका, एवढंच त्यांचं मागणं होतं.

हेमराजांनी ओलं धोतर पिळलं. शेवटी त्यांनी सही करायचं कबूल केलं. मेलेले काही परत येणार नव्हते, आणि बेचाळीस घरांतल्या बहुतेकांच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते.

दहा वाजता मृणाल खोब्रागडे आल्या. तिशीच्या, उत्साही, जिल्ह्याची सारसगणना त्यांच्याकडे होती. कटरेकाकांबद्दल त्यांना फार आदर. डोळ्यांची चौकशी झाली, चहा झाला. मग त्यांनी टॅबलेटवर यंदाचा तक्ता उघडला. एकतीस तलाव, बासष्ट सारस, प्रत्येक तलावावर एक जोडी. इतकी चांगली गणना आजवर झाली नव्हती, असं त्या म्हणाल्या आणि एकेक तलावाचा फोटो कौतुकाने दाखवू लागल्या.

तिसऱ्या फोटोवर हेमराजांनी त्यांचा हात धरला.

“हा मोठा करा.”

सालेकसा बाजूचा कुठला तरी तलाव होता. नराच्या उजव्या पंखातलं एक पीस खाली लोंबत होतं. फार वर्षांपूर्वी कुंपणाच्या काट्यात अडकून बोरटोल्याच्या नराचा पंख जायबंदी झाला होता. त्या दिवसापासून ते पीस तसंच वाढायचं. पुढच्या फोटोतही ते पीस होतं. त्याच्या पुढच्याही. आभाळ निराळं, डोंगर निराळे, पक्षी तोच.

“मॅडम, या बाकीच्या तलावांची स्थळस्मृती कुठून आणली?”

“तिथले जुने फोटो नव्हतेच ना काका. बारा महिने, सगळे ऋतू, असा साठा जिल्ह्यात फक्त तुमचा होता. तोच सगळीकडे वापरलाय. का?”

सगुणाबाई काठावरून बघत होत्या. हेमराजांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. आता गोष्ट एका तलावाची राहिली नव्हती. त्यांनी सगळं सांगून टाकलं : ढासळलेलं घरटं, तारेखालची मादी, स्वतः पुसून टाकलेले फोटो, आणि हे लोंबणारं पीस.

मृणालचा चेहरा उतरत गेला. त्यांनी कार्यालयाचा संकेतांक टाकून कॅमेऱ्याची स्थळस्मृती बंद केली आणि फोटो काढला. करडं, पुसट चित्र आलं. पाणी, पानं, गवत. खाली लाल अक्षरं होती : ‘चित्र अपूर्ण’.

“सारसांची अंडी उबवायचं केंद्र आपण दोन वर्षांपूर्वी बंद केलं,” त्या हळूच म्हणाल्या. “पिल्लं फक्त रिकाम्या तलावांवर सोडायची असा नियम होता. रिकामा तलाव एकही सापडेना, म्हणून बंद केलं. शेवटची अंडी फेकली.”

मग त्यांनी एकामागून एक चार तलावांवरच्या माणसांना फोन लावला. सगळ्यांना त्या एकच विचारत होत्या, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी सारस शेवटचा कधी पाहिला. कोणी म्हणालं, रोजच दिसतो की पडद्यावर. कोणी म्हणालं, आत जायला बंदी आहे ना मॅडम. चौथ्याने उलट विचारलं, का, काही गडबड झाली का?

एकतीस तलाव पायी फिरायला महिना लागेल, तोवर हा आकडा मी पाठवत नाही, असं मृणाल म्हणाल्या. पण बोरटोल्याचा कागद आजच भरायला हवा होता. संख्येची चौकट त्यांनी मोकळी सोडली आणि कागद हेमराजांपुढे धरला. हेमराजांनी शून्य लिहिलं आणि खाली सही केली. आयुष्यभर त्यांनी रिकामी जागा भरून दिली होती. आज ती तशीच सोडताना ते त्या नव्या डोळ्यांनी रडले.

गाडी गेली. सगुणाबाई पाळीवर आल्या. त्या भांडल्या असत्या तर हेमराजांना बरं वाटलं असतं. त्या शेजारी बसल्या आणि त्यांनी पदराने हात पुसले.

“तुमी खरं लिवलं भाऊ, मी काई म्हनत नाई,” त्या म्हणाल्या. “पन आता पानी कोनाच्या नावानं मागाल? पाखरं होते तवा त्याईच्या नावानं भेटलं. आमच्या नावानं त आमी बापाच्या जमान्यापासून मागून राहिलो. आमी दिसतो का जी कोनाले?”