जॉनी पर्लचं खरं नाव

"या लँकशायरमध्ये माझ्या नजरेतून सुटेल असा गुन्हा अजून जन्माला यायचाय," विनी हॅसलम म्हणाली आणि ऐटीत खुर्चीत बसली.

खुर्चीत नॉर्मनचे चिप्स होते. व्हिनेगर घातलेले.

नॉर्मन तिचा दीर. बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरी करून आता वहिनीच्या गुप्तहेर कचेरीत सहायक होता, म्हणजे चहाची किटली तो चढवायचा. वहिनीचा स्कर्ट पुसावा की उरलेले चिप्स वाचवावेत, हे त्याचं ठरत नव्हतं. तेवढ्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा छातीशी धरून एक तरुण आत आला.

"मी टेरी ॲस्पिनॉल. मला शनिवारी हाकलणार आहेत."

टेरी आठवडाभर कारखान्यात स्लिपरांचे तळ चिकटवायचा. शनिवारी मात्र स्टारलाइट बॉलरूममध्ये तो रेकॉर्ड लावायचा आणि फरशीवर टाल्कम पावडर उधळून हजार पोरंपोरी गिरक्या घ्यायची. गाणी अमेरिकेतल्या काळ्या गायकांची, तीही तिकडे दहा वर्षांपूर्वी साफ आपटलेली. गाणं जितकं जोरात आपटलेलं, तितका टेरीच्या जगात त्याला मान.

डब्यात एकच रेकॉर्ड होती. लेबलावर गोल पांढरा कागद चिकटवलेला. त्यावर लिहिलं होतं, 'जॉनी पर्ल'.

"जॉनी पर्ल नावाचं कुणी नाहीच," टेरी म्हणाला. "आम्ही खरं नाव झाकतो आणि वर खोटं लिहितो. नाहीतर दुसरा कुणी शोधून आणतो. ही डेट्रॉइटच्या एका तळघरात मिळाली. दुसरी प्रत अजून कुणाला सापडलेली नाही. आणि परवा बाजारात हे आलं!"

त्याने कोटातून दुसरी रेकॉर्ड काढली. चोरटी नक्कल. लेबलावर छापलं होतं : क्लाइड वॉशबर्न, 'मंगळवारपर्यंत थांब'.

"खरं नाव हेच?"

"अगदी हेच. आणि ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. म्हणून आमचा मॅनेजर डेस रिमर म्हणतो, तूच विकलंस. मिसेस हॅसलम, शनिवार गेला तर माझ्याकडे नुसत्या स्लिपरा उरतात हो."

विनीने भिंगातून मूळ रेकॉर्ड पाहिली. "हा कागद कशाने कापलास?"

"नखांच्या कात्रीनं. का?"

"सहज."

नॉर्मननेही पाहिलं. कागदाला पोस्टाच्या तिकिटासारखी सुबक दातेरी कडा होती. त्याला कलाकुसर आवडली.

डेस रिमर रिकाम्या बॉलरूममध्ये पावडर झाडत होता. त्याने नक्कल लावली. दोन मिनिटांनी गाण्यात बारीक, गोड 'ट्वीट' वाजलं.

"पिकोलो," डोळे मिटून रिमर म्हणाला. "चिमुकली बासरी. वॉशबर्नची खासियत. जाणकार लोक परवापासून त्यावरच वाद घालतायत."

विनीने मूळ रेकॉर्ड लावायला सांगितली. त्याच जागी पिकोलो नव्हता.

"जुनी आहे ना," रिमर म्हणाला. "सगळ्यात आधी पिकोलोच झिजतो."

बाहेर पडताच नॉर्मन कुजबुजला, "वहिनी, हाच चोर. डोळे मिटून बोलतो."

"मग तुम्ही तर दरोडेखोर, भावजी. तुम्ही डोळे मिटून जेवता."

बाजारात गॉर्डन व्हिटलच्या गाळ्यावर नकलांची चळत होती. "व्हॅनमधून एक टोपीवाला आला, खोकं देऊन गेला," व्हिटल म्हणाला. "परवापर्यंत आम्हा दोघांच्याही कानावर हे गाणं पडलं नव्हतं. विचारा आमच्या डोरीनला."

गाणं चालू होतं. डोरीन, म्हणजे मिसेस व्हिटल, विक्रीचे मोजे मांडत उभ्या होत्या. धृपद येताच त्यांनी दोन्ही हात वर ताणले, कमरेत वाकल्या आणि पायाचे अंगठे धरले.

"काही पडलं का, बाई?" नॉर्मनने आपुलकीने विचारलं.

"छे!" त्या लाल होऊन म्हणाल्या.

टेरीची आई एडिथ शिवणकाम करायची. दिवाणखान्यात पडद्यांच्या कापडांचे ढीग होते, टेपरेकॉर्डरवर विणलेलं झाकण होतं आणि कोपऱ्यातल्या पिंजऱ्यावर चादर.

"झाकूनच ठेवते त्याला. मेला दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही," एडिथ म्हणाली. नॉर्मनचा शेवटचा घोट व्हायच्या आत तिने त्याच्या हातातला कप काढून धुऊनही टाकला. "पुन्हा यायचं तर गुरुवार सोडून या हं. गुरुवारी मी चॅपलमध्ये बायकांचा व्यायाम घेते."

विनी समाधानाने हसली. "शनिवारी दुपारी येतो. सगळ्यांनाच घेऊन."

शनिवारी एडिथने बटाटे भरलेला 'पाय' भाजला होता. रिमर, टेरी आणि व्हिटल दांपत्य दाटीवाटीने बसलं होतं. नॉर्मन दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

विनीने नक्कल लावली आणि पिंजऱ्यावरची चादर काढली. आतल्या छोट्या निळ्या पोपटाने मान वाकडी केली. गाण्यात 'ट्वीट' झालं. पिंजऱ्यातून तस्संच उत्तर आलं.

"हा घ्या तुमचा पिकोलो," विनी म्हणाली.

रिमरने टोपी काढली.

"हे गाणं याच खोलीत टेप झालं, मायक्रोफोन लावून. पण टेरीनं नाही केलं. त्यानं कागद नखांच्या कात्रीनं कापला होता. आताच्या कागदाला दातेरी कडा आहे. तशी कात्री शिंप्याकडे असते. म्हणजे कागद बदललाय. आणि बदलताना खालचं नाव कुणीतरी वाचलंय. एडिथबाई?"

"इतके बोटांचे डाग होते त्यावर!" एडिथ म्हणाली. "टेरी कारखान्यात गेला की मी डबा काढला. कोमट पाणी, भांड्यांचा साबण. मग नवा कागद लावला. तुझ्या अक्षराला वळण मीच लावलंय, कळणार कसं तुला?"

"आई," टेरी उठून उभा राहिला, "तू ती... धुतलीस?"

"दोनदा. मग म्हटलं वाजते का बघू. ठेका काय छान रे! व्यायामाला टेप करून घेतलं आणि टेपच्या डब्यावर नाव लिहिलं. नाव नको घालायला?"

"आणि तो डबा वर्गातल्या कुणीतरी घरी नेला," विनी म्हणाली. "परवापर्यंत न ऐकलेल्या गाण्याच्या धृपदाला कुणी पायाचे अंगठे धरत नाही, मिसेस व्हिटल."

"सरावाला नेला होता हो," डोरीनने आपल्या ताटलीत बघत सांगितलं. "गॉर्डनने ऐकला, नाव वाचलं आणि म्हणाला, हे तर छापायलाच हवं."

"आणि टोपीवाला?" नॉर्मनने विचारलं.

गॉर्डनने दाराजवळच्या खुंटीवर लटकणाऱ्या स्वतःच्या टोपीकडे पाहिलं.

रिमर उठला. "व्हिटल, उरलेल्या सगळ्या नकला तासाभरात माझ्याकडे आण. आणि स्टारलाइटमध्ये पुन्हा दिसू नकोस. टेरी, चुकलो मी. रात्री नेहमीसारखा ये. पहिली जॉनी पर्ल लाव."

टेरीने डबा उचलून पोटाशी धरला. त्याच्या चेहऱ्यावर आठवडाभरात पहिल्यांदाच रंग आला. विनीने पुरावा म्हणून टेप पर्समध्ये टाकली. नॉर्मनने तिसऱ्यांदा वाढून घेतलं. पोपट स्वतःवरच खूश होता.

"टेरी, राजा," टेबल पुसत एडिथ म्हणाली, "टेप तर या घेऊन चालल्या. गुरुवारी तुझी ती रेकॉर्ड देशील का रे तासभर? आमच्या बायका दुसऱ्या कशावर वाकतच नाहीत."