खिळा न दिसणारा पलंग

आमच्या मोहिमेचा उद्देश एका ओळीत सांगायचा, तर असा: माझ्या भावाने घरच्या शेडमध्ये बनवलेला पलंग ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरचं सिम्पसनचं वाळवंट ओलांडेपर्यंत टिकतो की नाही, ते पाहणं. लोक वाळवंटात फुलं बघायला जातात, टेकड्यांवरून सूर्यास्त बघायला जातात. आम्ही तिघं सुतारकाम तपासायला निघालो होतो.

भावाचं नाव क्लॅरी. निवृत्त झाला आणि त्याने खाणीवरची एक जुनी, भलीमोठी फोर-व्हील-ड्राइव्ह विकत घेतली. मागच्या सीटा काढल्या. फक्त एक ठेवली, माझ्यासाठी, तीही कडेची. बाकीच्या जागेत खाली लांबलचक खण, खणांच्या शेजारी पाण्याची टाकी आणि वर पलंग. पडदे त्याच्या बायकोने, ग्लेनिसने शिवले; पण शिवताना तोंड असं केलं होतं, की पडदे आपोआप सुरकुतले असते.

पलंगाच्या फळ्या मात्र साध्या नव्हत्या. आमच्या गावचा जुना हॉल पाडला, तेव्हा क्लॅरीने त्याची लाकडी जमीन उचलून आणली. त्याच जमिनीवर तरुणपणी त्याने ग्लेनिसबरोबर पहिल्यांदा नाच केला होता. म्हणजे नाच तिने केला, हा तिच्या पायांवर उभा होता. त्या लालसर फळ्या त्याने घासल्या, तेल पाजलं, आणि सगळे स्क्रू खालून मारले. घरी कोणी आलं की गाडीचं मागचं दार उघडायचा आणि म्हणायचा, "वरून एक खिळा दाखव, मेट. बियर माझ्याकडून!"

कोणालाच बियर मिळाली नाही.

त्याला त्या गाडीतून देशाची प्रदक्षिणा करायची होती. पुरतं वर्षभर, घराला कुलूप लावून. ग्लेनिसला तिचे गुलाब सोडायचे नव्हते. शेवटी तिने अट घातली.

"आधी सिम्पसन ओलांड. तू बनवलेली एक वस्तू जरी वाटेत मोडली, तर गाडी विकायची. नाही मोडली, तर मी येते वर्षभर."

"कबूल!" क्लॅरी म्हणाला. "ही म्हातारी मोडायची नाही."

"कोणती म्हातारी, ते स्पष्ट बोल," ग्लेनिस म्हणाली.

पंच म्हणून मला बरोबर घेतलं. नवऱ्याची बहीण आणि बायकोची पत्ते खेळणारी मैत्रीण, म्हणजे दोघांनाही वाटत होतं, नोला आपलीच. मी दोघांनाही तसं वाटू दिलं.

ऑक्टोबर उजाडला होता. मोसम संपत आलेला, ऊन तापू लागलेलं, वाटेवर गाड्या विरळ. पश्चिमेकडून वाळवंटात शिरलो आणि वाळूच्या टेकड्या सुरू झाल्या. एक चढा, उतरा, की समोर दुसरी! गाडीच्या नाकावर, टेकडीपलीकडून येणाऱ्याला दिसावं म्हणून उंच काठीला लावलेलं केशरी निशाण फडफडत होतं, रेडिओ खरखरत होता आणि माझ्या दोन पायांमध्ये माझंच बिडाचं भांडं बसलेलं होतं. निखाऱ्यांवर पाव भाजायचं ते तीन पायांचं जड धूड कुठल्याच खणात मावलं नव्हतं.

"क्लॅरी, सगळ्यांना जागा केलीस, माझ्या पायांना विसरलास," मी म्हणाले.

"पाय खिडकीबाहेर काढ. बाहेर जागाच जागा आहे."

पहिले दिवस पलंग जिंकत गेला. गाडी आपटली, उडाली, हाडं खिळखिळी झाली. पण फळी कुरकुरलीसुद्धा नाही. क्लॅरी दर मुक्कामाला पलंगावर थाप मारायचा. ग्लेनिस उशी झटकायची, आणि माझ्या मनातल्या हिशेबात एक रेघ त्याच्या नावावर पडायची. रात्री ती दोघं आत, मी बाहेर कॅनव्हासच्या वळकटीत. आतून कुजबुज आणि हसणं ऐकू यायचं. गुलाबांची काळजी करणारी बाई एवढी हसत नाही, हेही मी टिपून ठेवलं.

मग ती टेकडी आली. उंच, आणि माथ्याशी वाळू आधीच्या गाड्यांनी पार उकरून ठेवलेली.

"टायरमधली हवा अजून सोड, वाळूत पकड येईल," ग्लेनिस म्हणाली.

"सोडलीये तेवढी पुरे."

"क्लॅरी."

"अगं, होतंय! बघच तू."

त्याने वेग घेतला. इंजीन गर्जलं. निम्मी चढण झाली. माथा समोर आला. अजून थोडं! अजून थोडं! आणि चाकं नुसतीच फिरली. गाडी थांबली, श्वास घेतल्यासारखी हलली आणि मागे घसरू लागली. सरळ मागे येऊ द्यायची, हा नियम क्लॅरीला झोपेतही माहीत आहे. पण काठाचा भुसभुशीत ढीग बघून त्याने स्टिअरिंग जरासं वळवलं. धप्प! गाडीचा मागचा भाग ढिगात घुसला. नाक आभाळाकडे आणि शेपटी वाळूत.

आम्ही उतरलो आणि मागे गेलो. मागची दोन्ही दारं मुठीपर्यंत पुरली होती. दारं उघडतात बाहेरच्या बाजूला.

"फावडं कुठाय?" ग्लेनिसने विचारलं.

"खणात."

"खण कुठून उघडतो?"

क्लॅरीने पुरलेल्या दारांकडे पाहिलं.

"पाण्याचा नळ?"

"मागेच."

"सॅटेलाइट फोन?"

"तो तर अगदी सुरक्षित जागी ठेवलाय," क्लॅरी म्हणाला आणि त्याच पुरलेल्या दारांकडे बोट दाखवलं.

हाताशी होती पाण्याची एक बाटली, थर्मासमधला थोडा चहा, तळणी आणि माझं बिडाचं भांडं. रेडिओवर ग्लेनिसने हाका मारल्या. उत्तर आलं नाही. टेकड्यांच्या भिंतींमधून आवाज लांब जात नाही. आणि आपल्यामागून कोणी येत असेल, असं त्या मोसमात छातीठोक म्हणवत नव्हतं.

"घाबरू नका," क्लॅरी म्हणाला. "खणून काढू."

त्याने भांड्याचं झाकण घेतलं, मी तळणी घेतली. पण कोरडी वाळू ती! ओंजळभर काढावी, तर वरून टोपलीभर ओघळायची. सूर्य डोक्यावर आला. माश्या डोळ्यांत शिरू लागल्या. बाटली रिकामी झाली. मी सावलीत बसले, ग्लेनिस बसली. क्लॅरी बसेना.

"क्लॅरी, आतून जाऊ," ग्लेनिस म्हणाली. "पलंगाची फळी काढ. खण खालीच आहे."

"निघत नाही. स्क्रू खालून आहेत."

"मग फोड."

तो खणतच राहिला. पाठ आमच्याकडे. "फोडली तर मोडली म्हणशील," तो म्हणाला.

हे तो थट्टेने म्हणाला नाही. मी लहानपणापासून ओळखते त्याला. वर्षभराची ती प्रदक्षिणा त्या फळ्यांवर टेकलेली होती, आणि ती वाचवायला तो झाकणाने अख्खी टेकडी हलवायला निघाला होता.

थोड्या वेळाने त्याचा हात मंदावला. चेहरा लाल, पण घामाचा टिपूस नाही. मग तो वळला आणि मला म्हणाला, "आई, हॉल किती वाजता बंद होतो?"

ग्लेनिस उठली!

"नोला, ह्याला सावलीत ओढ. चहा पाज." एवढं बोलून तिने माझं भांडं दोन्ही हातांनी उचललं, बाजूच्या दाराने आत चढली आणि माझ्या सीटवर गुडघे टेकून ते पलंगावर आदळलं.

ठाण्! काही नाही.

ठाण्! फळीवर नुसता पोचा.

"मेल्या!" ती आतून ओरडली. "एवढं घट्ट कशाला केलंस!"

ठाण्! ठाण्! भांड्याचा एक पाय तुटून माझ्यासमोर वाळूत पडला. फळी जागची हलेना. ग्लेनिस थांबली, धापा टाकल्या, मनगट झटकलं आणि पुन्हा भांडं उचललं. क्लॅरी माझ्या मांडीवर डोकं टेकून प्रत्येक घावाला डोळे मिटत होता. शेवटी एक लांब कडाड् असा आवाज आला. मग दुसरा. मग पाण्याचा! तिने हात घालून टाकीची नळी उपसली होती.

आधी क्लॅरीच्या डोक्यावर ओतलं, मानेवर ओतलं, मग घोटाघोटाने पाजलं. सावकाश त्याच्या डोळ्यांत ओळख परतली. त्याने भोकाकडे पाहिलं. तुकडे झालेली लाल फळी तिच्या हातात होती.

"मोडली," तो म्हणाला. "हरलो मी, ग्लेन. गाडी विकू."

"आधी फावडं," ती म्हणाली.

फावडं त्याच भोकातून बाहेर आलं, फोनही. तो तिने स्वतःच्या खिशात घातला. क्लॅरी सावरला नसता, तर त्याच घटकेला लावला असता. ऊन कलल्यावर तिने आणि मी खणलं, क्लॅरीने झोपून सूचना दिल्या. त्या कोणी ऐकल्या नाहीत. संध्याकाळी मागची दारं मोकळी झाली.

पहाटे गार वाळू घट्ट झालेली असते. ग्लेनिसने चारही टायरमधली हवा हवी तेवढी सोडली आणि स्टिअरिंगवर स्वतः बसली. क्लॅरी शेजारी. गाडी आधी सरळ मागे, पायथ्याशी गेली आणि मग निघाली. चढली! न थांबता, न वळता, थेट माथ्यावर! पलीकडे टेकड्यांच्या रांगा उजळत होत्या, आणि तिने इंजीन बंद केलं.

"पंच," ती म्हणाली, "निकाल दे."

मी म्हणाले, "भांड्याचा पाय तुटला, पण भांडं क्लॅरीने बनवलेलं नाही. ते धरत नाही. फळीचं दोघांनी सांगा."

"मोडली ती मोडली," क्लॅरी म्हणाला. "मी कबूल केलंय."

"तू गप्प बस, म्हाताऱ्या," ग्लेनिस म्हणाली. "अट काय होती? मोडली तर. ती मोडली का? आपणहून? अरे, ती मोडता मोडेना! माझं मनगट सुजलंय. मला ती मोडावी लागली. ह्यात फरक आहे की नाही, नोला?"

फरक आहे, असा निकाल मी दिला. माझ्या हिशेबात तो केव्हाच लागला होता.

उरलेल्या टेकड्या ओलांडून घरी परतल्यावर क्लॅरीने नवी फळी आणली नाही. भोकाच्या कडा नीट कापल्या, त्याच मोडक्या तुकड्यांचं झाकण केलं आणि पितळी बिजागऱ्या वरून ठोकल्या, चकचकीत, सगळ्यांना दिसतील अशा. फोन आता पुढे असतो. फावडं छपरावर. गुलाबांना पाणी घालायचं काम माझ्याकडे आलंय.

निघायच्या दिवशी शेजारी गाडी बघायला आले, तेव्हा मागचं दार ग्लेनिसनेच उघडलं.

"ही बिजागरी रात्री पाठीला टोचत असेल," कोणीतरी म्हणालं. "आत बुडवून बसवायची ना."

क्लॅरी तोंड उघडणार होता, पण ती आधी बोलली.

"टोचू दे," ती म्हणाली. "पाणी कुठाय ते झोपेतही कळतं."