सहा व्होल्टची बॅटरी

दीक्षा त्या दुकानात शिरली ती रस्ता चुकून. सत्त्याण्णव सालचा मार्च. सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत ती शोधत होती रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि समोर आलं बिरदेवचं बॅटरी चार्जिंगचं. अ‍ॅसिडच्या आंबट वासात तरुण बिरदेव निवांत भाजलेल्या शेंगा सोलत बसला होता.

"ट्रकची बॅटरी भाड्यानं मिळेल?"

"ट्रक कुठाय?"

तिनं पिशवीतून लाकडी यंत्र काढलं. पॉलिटेक्निकचा प्रोजेक्ट – बेदाणा निवडायचा. मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड काळा पडलेला बेदाणा ओळखणार, सहा सर्वो मोटरी सहा झडपा हलवणार. मोटरी एनसीसीच्या मोडक्या मॉडेल विमानांतल्या. बोर्ड मात्र कॉलेजचा, एकुलता एक. तो जळला तर परवाची परीक्षा गेली, आणि साताऱ्याची ठरलेली नोकरीही.

"एक मोटर नीट हलते. सहा एकदम हलल्या की बोर्ड सगळं विसरतो... म्हणून म्हटलं, मोठी बॅटरीच जोडावी."

"बारा व्होल्ट? राख हुईल की समद्याची." तो हसला. "स्टार्टर मारला की ट्रकाची हेडलाईट कशी मिणमिणती, बघितलीया?"

"हो..."

"तसंच हाय हे. मोटरी करंट वढत्यात, बोर्ड उपाशी ऱ्हातोय. मोटरींचं खाणं बोर्डातनं देऊच नका."

त्यानं स्कूटरची जुनी, सहा व्होल्टची बॅटरी आणली. वायरीत फ्यूज घातला. "काय बिनसलं तर आदी ह्यो जाईल. तुमचा बोर्ड न्हाई."

बटण दाबलं... आणि सहाही झडपा अंगात आल्यासारख्या थरथरल्या. बिरदेवचा चेहरा पडला. आता हसायची पाळी दीक्षाची होती.

"बोर्डाचा आणि बॅटरीचा मायनस एक करायला हवा," ती म्हणाली. "नाहीतर बोर्ड काय सांगतोय ते मोटरींना कळायचं कसं?"

तिनं एक काळी वायर जोडली. बेदाणे नव्हते, म्हणून बिरदेवनं शेंगदाणे टाकले. सालीचे डावीकडं, सोललेले उजवीकडं – टक, टक, टक. दोघंही झडपांकडं बघत होते, मग एकमेकांकडं.

"हे मायनसचं मला न्हवतं ठावं," तो हळूच म्हणाला.

"मला हेडलाईटचं नव्हतं."

परीक्षा पार पडली. नोकरीवर आठवडाभरातच हजर व्हायचं होतं. त्या गडबडीत बॅटरी सामानाबरोबर साताऱ्याला गेली, आणि आभार सांगलीतच राहिले.

चार महिन्यांनी, एका रविवारी, ती कुपवाडला आली. साताऱ्यापासून एसटीत मांडीवर बॅटरी घेऊन. शेजारची बाई अख्खा रस्ता लुगडं सावरत अंग चोरून बसली होती.

"म्हटलं, इसरला असाल," बिरदेव म्हणाला. त्यानं बॅटरीला मीटर लावला. मग पुन्हा लावला. "ही तर फुल हाय."

"साताऱ्यातही चार्जिंगची दुकानं आहेत."

"मग एवढं वजन वागवत आणली कशापायी?"

"तुमच्यामुळं पास झाले... ते सांगायचं राहिलं होतं. आणि पोस्टकार्डावर मावेना."

बिरदेवनं मान खाली घातली. भरलेल्या बॅटरीला चार्जरचे चिमटे लावले, स्टूल फडक्यानं पुसलं, शेंगांची पुडी पुढं सरकवली.

"चार तास तरी लागतील. बसा."

चार्जरचं बटण बंदच होतं. दीक्षानं ते पाहिलं, आणि ती बसली.