माय ४:१२

सालेकशाचं रेल्वे फाटक पडलं आणि योगेश्वरीची स्कूटी नेमकी दुर्गेशच्या सायकलीला खेटून थांबली. आठ महिने दोन किलोमीटरचा फेरा घेऊन तिनं त्याचं कम्प्युटरचं दुकान टाळलं होतं. पेट्रोल तिचंच, रागही तिचाच.

"कुठं चालल्या?"

"टेशनवर. भाऊ येऊन राहिला, ओमेश्वर." तिनं पिशवीतली हार्डडिस्क दाखवली. "पुसून टाकतो म्हणे. त्याच्या लग्नाचे फोटो मावतीन."

"पुसून? काकूची गाणी आहेत त्यात!"

"नावं दिली तुम्ही नुसती, अकरा. उघडाले गेलं की कम्प्युटर म्हणते, फाईल सापडत नाही. माय गेली त्या आठवड्यात रोज उघडून पाहिलं मी… रोज."

मालगाडी आली. दोघांनाही डबे मोजायचं सोंग आयतंच मिळालं.

योगेश्वरीची आई गोमतीबाई पोवारी बोलीतली लग्नगीतं गायच्या. दुखण्यानं आवाज नेण्याआधी योगेश्वरीनं अकरा दुपारी त्यांना दुर्गेशच्या दुकानात नेऊन गाणी भरून घेतली होती. दुर्गेशचा नियम पक्का – गिऱ्हाइकाची वस्तू गिऱ्हाइकाला दिली की आपल्याकडची प्रत पुसायची. तीही त्यानं इमानदारीनं पुसली होती. आता काय असेल ते त्या पिशवीत.

"नाव कसं दिसते फाईलीचं?" त्यानं हळूच विचारलं.

"माय ४:१२. माय ३:५०. असेच सारे."

दुर्गेशनं कपाळावर हात मारला. "ते दोन टिंबं! माझ्याकडं लिनक्स आहे, त्याले नावात काहीही चालते. तुमच्या घरच्या विंडोजले ते टिंबं चालत नाहीत. नाव दाखवते, पण फाईलले हात लावत नाही. गाणं आत जसंच्या तसं आहे… चूक माझी."

फाटक उघडलं. मागून हॉर्न वाजले. टेशन पुढं होतं. योगेश्वरीनं स्कूटी मागं वळवली.

दुकानाच्या दारात तिनं चप्पल काढली. त्यानं पहिल्या नावातली टिंबं काढून आडवी रेघ टाकली. फाईल उघडली.

आधी खोकला. मग गोमतीबाई, अगदी कानाशी, लेकीला म्हणत – "टुरी, त्याच्याकडं पाहून झालं असंल तं पंखा बंद कर. आवाज येते."

आणि गाणं सुरू झालं.

योगेश्वरी रडली, मधेच हसली, पुन्हा रडली. दुर्गेश तोवर उगाच माऊस पुसत बसला.

"गाण्यांना नावं होती की," डोळे पुसत ती म्हणाली. "वेळ कायले टाकली? गाणं सुरू झाल्याची?"

"नाही…"

"मंग?"

"तुम्ही दारात चप्पल काढल्याची."

पंखा फिरत राहिला. तो बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

"आज किती वाजता काढली?"

"पाच वाजून सात," तो घड्याळाकडं न बघता म्हणाला.

त्यानं एकेक नाव बदलत दहा फाइली केल्या. अकराव्यावर तिनं त्याच्या मनगटावर बोट ठेवलं.

"हे राहू द्या तसंच."

"मंग घरी वाजणार नाही ते."

"इथं वाजते ना?" तिनं डिस्क पिशवीत ठेवली. चपला घालताना मान खालीच होती. "येत जाईन… ऐकाले."