खोली नंबर चार, कसाल

ही गोष्ट मला कोणी चहाच्या टपरीवर सांगितलेली नाही. जिच्यावर बेतली ती माझी सख्खी मावसबहीण आहे. तिच्या मोबाईलमधले फोटो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत.

विश्वास ठेवायचा तर ठेवा. नाही बसला, तर तुमच्याइतका सुखी माणूस नाही.

गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष. बुधवार. दुपारचे एक वाजून दहा मिनिटं. जागा कसालची बाजारपेठ, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. इमारतीचं नाव सांगत नाही, कारण खाली आजही दुकान चालतं.

हो, दुपारच. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडे भर बाराच्या उन्हात एकट्याने पाणंदीतून चालून बघावं.

बहिणीचं नाव सारिका. तिला इन्सुलीला दिली होती. नवरा सिद्धेश. दिसायला देखणा, बोलायला साखर, आणि दार लावलं की राक्षस. आठ वर्षं ही पोर फोनवर "बरां आसा" म्हणत राहिली आणि आम्ही सगळे शहाणे माना डोलवत राहिलो. त्याची मला अजून लाज वाटते.

एक दिवस सात वर्षांच्या वर्षालीच्या पाठीवर पट्ट्याचा वळ दिसला. सारिका मुलीचा हात धरून नेसत्या वस्त्रानिशी निघाली.

मागोमाग सिद्धेशचा मेसेज आला.

"खंय लपतलंस? चेडू माजा आसा. शोधून काढतलंय."

चेडू म्हणजे मुलगी, वर्षाली. माहेरी जाणं शक्य नव्हतं. तो पहिला तिथेच येणार. मग मीच मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका वाडीत खोली बघून दिली, आनंदीबाईंच्या घरात. आनंदीबाई मासे विकतात. तोंडाने फटकळ, पण मनाने लोणी.

सारिका सुक्या जवळ्याची चटणी आणि मालवणी मसाला करून कुरिअरने मुंबई-पुण्याला पाठवू लागली. माल खपायला लागला. पण पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता लागतोच. म्हणजे चटणीबरोबर स्वतःच्या दाराचा रस्ताही पाठवायचा.

तेव्हा तिला मोबाईलवर ती सोय सापडली. व्हर्च्युअल पत्ता. तुम्ही राहायचं तुमच्या जागी, आणि जगाला सांगायचं त्यांचा पत्ता. टपाल तिथे येतं. ते पाकिटाचा फोटो काढून ॲपवर पाठवतात. हवं तेव्हा जाऊन घ्यायचं.

तिने तीन ठिकाणी चौकशी केली. पुण्याची कंपनी चकाचक होती, पण तिला राहत्या जागेचा कागद हवा होता. पणजीची टपाल आठवड्याने कळवायची. कसालला हीच सोय चालवणारा नितेश मात्र फक्त आधार कार्ड मागत होता, आणि त्यावर अजून इन्सुलीच होतं. शिवाय कसाल एसटीने तासाभरावर.

"कोणी येऊन माझ्याबद्दल विचारलं तर?" तिने त्याला फोनवर विचारलं.

"सांगणार, हो मॅडम इथेच राहतात, आत्ता बाहेर गेल्यात. तेच तर आमचं काम आहे."

त्या दिवशी सारिका कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली, असं आनंदीबाई सांगतात.

खोली नंबर चार, पहिला मजला, बाजारपेठ, कसाल. दारावरच्या पाटीवर बाकीच्या गिऱ्हाइकांबरोबर तिचंही नाव लागलं. बँकेत हाच पत्ता, कुरिअरवर हाच, मुलीच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज केला त्यावरही हाच. बोलून बोलून तो तिच्या जिभेवर असा बसला, की झोपेतून उठवलं तरी तोच निघावा.

आणि तिथेच घोळ झाला.

आमच्याकडे नवा माणूस कुठे राहायला आला, की त्या जागेच्या राखणदाराला सांगावं लागतं. आम्ही त्याला जागेवालो म्हणतो. तो दिसत नाही. खांद्यावर कांबळं, हातात काठी, पायात वाहाणा, असं जुने लोक सांगतात. वाडीच्या वेशीवर नारळ ठेवून त्याला गाऱ्हाणं घालायचं.

आनंदीबाईंनी हट्टच धरला. वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान दाजींचा. सोमवारी सकाळी वेशीवरच्या झाडाखाली सात-आठ माणसं जमली. त्यात एक पाहुणा सावंतवाडीकडचा होता. सावंतवाडी म्हणजे इन्सुलीच्या शेजारीच; त्याच्या कानावर पडलेलं सिद्धेशपर्यंत पोचणार, हे सारिकाने ओळखलं.

"नाव काय गो तुजा?" दाजींनी विचारलं.

"सारिका."

"रवतंस खंय?"

तिने त्या पाहुण्याकडे पाहिलं... आणि जीभ आपोआप वळली.

"खोली नंबर चार, पहिला मजला, बाजारपेठ, कसाल."

दाजींनी भुवया उंचावल्या. पण गाऱ्हाणं घालणाऱ्याने उलटतपासणी घ्यायची नसते. त्यांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा... ही सारिका, रवणार कसाल बाजारपेठ, खोली नंबर चार... हिच्या दाराक जो कोण वायट मनान येयत, तेका थंयच थांबय रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

घरी येताना आनंदीबाई फणकारल्या. "गो, देवाक खोटो पत्तो दिलंस?"

सारिका हसली. "देवाक काय पोस्टान येवचा आसा?"

ते हसू शेवटचं.

आठवड्याने ॲपवर एक फोटो आला. टेबलावर मसाल्याच्या गिऱ्हाइकाचं पाकीट. आणि फोटोच्या कोपऱ्यात, उंबऱ्यापाशी... चामड्याच्या वाहाणा. टाचा पार झिजलेल्या, कोणी फार लांबून चालत आल्यासारख्या.

तिला वाटलं, नितेशच्या असतील.

दुसऱ्या फोटोत त्या उंबऱ्याच्या आत होत्या.

तिने फोन केला. नितेश म्हणाला, "मॅडम, मी बूट घालतो. खोलीत टेबल, कपाट आणि पंखा. दुसरं काही नाही."

तो बोलत असताना मागून आवाज येत होता...

ठक... ठक...

जमिनीवर काठी टेकावी तसा.

मग तिचं टपाल यायचं बंद झालं. एक आठवडा गेला, दोन गेले. कोर्टाची तारीख याच पत्त्यावर कळणार होती. तारखेला सारिका हजर राहिली नाही तर वर्षाली सिद्धेशकडे जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचं अन्नावरून मन उडालं. दिवसाला दहा फोन करायची. शेवटी नितेश ऑफिसातलं मराठी विसरला.

"काय सांगू मॅडम तुमका... पोस्टमन जिन्यावरसून परत जाता. म्हणता, वरती एक म्हातारो बसलो आसा, तुमच्या नावाचो कागद बघलो की वर सोडीत नाय."

"कोण म्हातारो?"

"माका तर कोण दिसना नाय."

त्याच संध्याकाळी मला इन्सुलीहून बातमी कळली. तारीख गुरुवारची होती. सिद्धेश गावभर सांगत फिरत होता, की बायको येणारच नाही, पोर आता माझी. मी सारिकाला कळवलं. कागदावर काय लिहिलंय, सोबत काय न्यायचं, वेळ कुठली, काहीच माहीत नव्हतं. कदाचित एखादा कागद आधी पोचून कपाटात पडला असेल, या एका आशेवर ती बुधवारी मुलीला आनंदीबाईंकडे ठेवून कसालला गेली.

नितेशने खोली उघडून दिली. "तुम्ही बघा. मी जेवन येतंय."

तिने कपाट उपसलं. शंभर लोकांची पाकिटं. तिचं एकही नाही.

पंखा कुरकुरत होता. खाली हायवेवरून गाड्या जात होत्या.

आणि मग तिला तो आवाज ऐकू आला. फाटक्या सायलेन्सरची मोटारसायकल. आठ वर्षं रोज संध्याकाळी तो आवाज आला, की ती हातातलं काम टाकून दाराकडे बघायची.

मोटारसायकल खाली थांबली.

कोर्टाच्या नोटिशीवर, नाही तर कुणाच्या घरच्या चटणीच्या पाकिटावर वाचलं असेल त्याने. पत्ता दोन्हींवर होताच.

दाराला आतून कडी नव्हती. खिडकीला गज होते. तिने टेबल ओढून दाराला लावलं आणि पाठ टेकून बसली. मोबाईलवर एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

जिन्यावर पावलं वाजली. एक... दोन... तीन... ती मोजत होती. सातवर थांबली.

ठक.

"ओ आजोबा," सिद्धेशचा आवाज. "सारिका हंयसर रवता?"

मग एक घोगरा, म्हातारा आवाज, अगदी दाराला लागून...

"रवता."

"बोलवा तिका. माजी बायल ती."

ठक.

"मनात काय घेवन इलंस?"

सिद्धेश हसला. ते हसू सारिकाला पाठ होतं. त्याच्यामागून नेहमी हात यायचा.

"चेडवाक नेवक इलंय. आणि आईस आडवी इली तर तिकाय बघतंय. सर बाजूक."

एक पाऊल वर वाजलं.

ठक.

आणि मग...

काहीच नाही.

पडल्याचा आवाज नाही. ओरडणं नाही. उतरणारी पावलं नाहीत. पंखा फिरत होता, पण त्याची कुरकुरही ऐकू येत नव्हती.

वीस मिनिटांनी नितेशने दार ढकललं तेव्हा सारिका टेबलाला चिकटून बसली होती. सातव्या पायरीवर हेल्मेट होतं. खाली मोटारसायकल उभी. दुकानदाराने त्याला वर जाताना पाहिलं होतं.

उतरताना कोणीच पाहिलं नव्हतं.

पोलीस आले, जबाब झाले, गच्ची आणि विहीर धुंडाळली. सिद्धेश मिळाला नाही. आजतागायत नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तोच नाही म्हटल्यावर कोर्टाची तारीखही पुढे गेली; वर्षाली शाळेत जाऊ लागली. वाटलं, सुटली पोर.

नवव्या दिवशी ॲपवर सूचना आली. 'आपल्या पत्त्यावर पाहुणा आला आहे.' सोबत आवाजाची फीत. नितेश आजही शपथेवर सांगतो, की त्याने पाठवली नाही.

मी ती ऐकली आहे. आधी काठी. ठक... ठक... आणि तिच्यामागे, खूप आतून, भिंतीपलीकडून बोलावं तसा सिद्धेश.

"वर्षाली... दार उघड गो बाय..."

रोज यायला लागली. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी.

सारिका दाजींच्या पाया पडली. गाऱ्हाणं फिरवा, खरा पत्ता सांगा, काय तो दंड भरते. दाजींनी मान हलवली.

"थंयच थांबय म्हणान आपणच सांगलंला. त्यान थांबयलो. आता ता घर तुजा नाय म्हणान सांगलंस, तर तो तेका कित्याक थांबवन ठेयत?"

म्हणजे जोवर ती कसालची, तोवरच राखणदार सिद्धेशला कसालात अडवून ठेवणार. खोलीवर तिचं नाव आहे तोवरच.

आणि नितेश घाबरून धंदा बंद करत होता. महिनाअखेर खोली सोडणार होता.

सारिका माझ्या घरी आली. माझ्या बायकोदेखत तिने माझे पाय धरले. लहानपणी माझ्याशी आट्यापाट्या खेळलेली पोर ती.

"भाई, ती खोली तू घे. दारावरचा माजा नाव काडू नको. तुज्या पाया पडतंय, माज्या चेडवाक वाचव."

मी म्हटलं, बघतो.

खरं सांगायचं तर मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. मलाही दोन पोरं आहेत. घरात असली ब्याद कोण ओढवून घेतो?

गेल्या बुधवारी, महिना संपायला दोन दिवस असताना, नितेशला तसं तोंडावर सांगायला मी कसालला गेलो. भर दुपार होती. जिना चढू लागलो. मनात धाकधूक होती, की आता काठी वाजणार, मलाही कोणी विचारणार, मनात काय घेवन इलंस?

कोणी विचारलं नाही.

वर वाहाणा नव्हत्या. काठी वाजली नाही. दारावर नावांची पाटी असायची तिथे नुसते चार खिळे होते. नितेशने ती सकाळीच उतरवली होती, दोन दिवस आधीच. हे मला मागाहून कळलं.

मी सातव्या पायरीवर होतो. दार थोडं उघडं होतं.

आतून कोणीतरी हाक मारली. थकलेल्या, गोड आवाजात. सिद्धेशने लग्नातल्या पंगतीत मला आग्रह केला होता, त्याच आवाजात.

"भाई... सारिका खंय रवता रे?"

त्यानंतरचं मला आठवतं ते एकदम हायवेवरचं. माझी गाडी चालू होती. शर्ट घामाने चिंब. तोंड कोरडं पडलेलं, खूप बोलल्यावर पडतं तसं.

मधली दहा मिनिटं माझ्याकडे नाहीत.

मी त्याला काही सांगितलं का? देवाशपथ, आठवत नाही.

सारिकाला हे अजून बोललेलो नाही. कुठल्या तोंडाने बोलू? रोज दुपारी एकला मी तिला फोन लावतो आणि काहीबाही विचारत राहतो, पाऊण तास. ॲपवर आता काही येत नाही, म्हणते. चार दिवस झाले. सुटलंय बहुतेक, म्हणते.

आज फोनवर वर्षाली मधेच म्हणाली, "मामा, भायर कोणतरी गाडी लावल्यान."

मी विचारलं, कोण गो?

ती बघायला गेली आहे. फोन अजून चालू आहे.